उसनी गल्ली

एप्रिल अर्धा सरला की अमरावतीत सकाळच्या वेळी एक आवाज ऐकू येऊ लागतो. वर्षभर जिन्याखाली पडून राहिलेला पत्र्याचा कूलर फरशीवरून ओढत खिडकीशी नेल्याचा. दात आंबावेत असा तो आवाज. मग ताट्या काढायच्या, मागच्या वर्षीचं काळं पडलेलं गवत झाडून टाकायचं, नवं खस भरायचं, तळाशी बादल्या ओतायच्या आणि बटण दाबून वाऱ्यासमोर हात धरून उभं राहायचं. आधी झळ येते, मग दमट फुंकर, आणि मग एकाएकी तो वास, ओल्या खसाचा. इकडच्या कुणालाही विचारा, उन्हाळ्यातल्या सुखाचा वास कोणता, तर तो हाच सांगेल.

मला त्या वासानं मान खाली घालावीशी वाटते. सात वर्षं झाली. दर उन्हाळ्यात वाटतं, यंदा नुसता गारवा लागेल. तसं अजून झालेलं नाही.

यंदा तर कूलर सुरूच झाला नाही. मी इथल्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवते, भाड्याच्या एका खोलीत राहते. बटण दाबलं की मोटर नुसती घुमायची, पंखा जागचा हलायचा नाही. घरमालकीण काकू दारात येऊन म्हणाल्या, "वाइंडिंग जळालं असन. रविवारी अकोल्याले जाऊन राहिली ना तू? मोटर खोलून संगं घेऊन जा. तिकडचे मिस्तरी चांगले असतात."

असतात. त्यांतला एक मला चांगला माहीत होता. त्याच्या दारात मी सात वर्षं पाऊल टाकलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात मी वीस वर्षांची होते आणि माझं नाव चटका होतं.

खरं नाव केतकी. अकोल्यात जठारपेठेत आमचं घर, खाली बाबांचा दाताचा दवाखाना, वर आम्ही. अंगणात बोअर. तीन कूलर, आणि आईबाबांच्या खोलीत एसी. आई शाळेत मराठी शिकवायची. घरात चुकून 'मले' म्हटलं गेलं की ती पोळी लाटता लाटता, मान वर न करता म्हणायची, "मला." माझ्या भोवतीचं सगळं गाव 'मले-तुले' बोलत होतं आणि मी त्या बोलण्यात पुस्तकातल्या पाहुण्यासारखी वाढले. सगळं समजायचं, ओठांवर काही यायचं नाही. पुढं रॅप करायचं ठरवलं तेव्हा मी वऱ्हाडी शिकले. आरशासमोर उभी राहून, लोक इंग्रजी शिकतात तशी.

शिकवणारी होती नाझिया. अमरावतीच्या होस्टेलमध्ये आम्ही एका खोलीत होतो. तीही अकोल्याचीच, पण रेल्वे लाइनीच्या पलीकडची. तिचे अब्बा, रशीदभाई, कूलर दुरुस्त करायचे. पुढच्या खोलीत वर्कशॉप, मागे घर. ती बी.एस्सी. करत होती, मी बी.ए. शनिवारी दुपारी आम्ही एसटीनं अकोल्याला निघायचो आणि हट्टानं शेवटच्या सीटवर बसायचो. खिडक्यांच्या काचा खडखडत असायच्या. नाझिया पुढच्या सीटच्या दांडीवर बोटं आपटून त्या खडखडाटातून ठेका शोधून काढायची आणि बडनेरा सोडून मूर्तिजापूर येईपर्यंत तिचं अख्खं कडवं तयार असायचं. तिला कशावरही सुचायचं. वांग्याच्या भाजीवर, होस्टेलच्या कुलपावर, कंडक्टरच्या मिशीवर. एकदा तो कंडक्टरच मागे येऊन उभा राहिला. "पोट्ट्याहो, आधी तिकीट काढा, मंग बोंबला," म्हणाला. आणि तिकिटं फाडून झाल्यावर म्हणाला, "ते मिशीवालं पुन्हा म्हना बरं एकडाव."

मोबाइलवर आम्ही दोघीही तेच बघत होतो. मोठ्या शहरांच्या वस्त्यांतून आलेली पोरं, हात उगारून, कॅमेऱ्याच्या तोंडाजवळ येऊन आपली कहाणी ओरडून सांगणारी. मला त्यातलं एक सूत्र पक्कं पाठ झालं होतं. रॅप म्हणजे खरं बोलायचं. जे जगलं तेच लिहायचं. आणि जे जगलं ते दुखणारंच असलं पाहिजे, हे मी माझ्या मनानं त्याला जोडून टाकलं होतं. मग जठारपेठेतल्या दाताच्या डॉक्टरच्या मुलीनं काय लिहायचं? तिच्याजवळ दुखणारी अशी एक अक्कलदाढ होती, तीही बाबांनी फुकटात काढली होती.

एका शनिवारी नाझियानं बसमध्ये तिचं नवं कडवं ऐकवलं.

"सारं गाव म्हनते आग, आमी म्हनतो सीझन आला,
माह्या अब्बाच्या पंख्यापुढं सूर्य घामाघूम झाला.
पारा गेला पंचेचाळीस? जाऊ दे ना सत्तेचाळीस,
बाप माहा मोटर गुंडते, करत नाई आळस."

पुढं अजून बरंच होतं. त्यात तिची अम्मी होती, जिला मी खाला म्हणायचे. ओसरीत शेजारच्या दोघी-तिघींना घेऊन खाला ताट्यांत खस भरायची आणि त्यांच्या हसण्याचा आवाज मोटरच्या आवाजाच्या वर जायचा, ते होतं. मोटरच्या तारांना लावायच्या वॉर्निशचा वास होता. रशीदभाईंच्या बोटांवर तांब्याच्या तारेनं पडलेल्या बारीक रेघा होत्या. सगळ्या वऱ्हाडात आभाळ भरून आलं की तोंड पाडणारा एकच माणूस म्हणजे माझा बाप, असं होतं. "तुमच्याइथं दिवाळी येते ना," ती मला म्हणाली होती, "तसा आमच्याइथं मे येते." शाळेची पुस्तकं मे महिन्यात, ईदचे कपडे मे महिन्याच्या जिवावर. बाहेर माणसं उन्हानं चक्कर येऊन पडायची तेव्हा त्या घरात गडबड असायची, लग्नघरासारखी.

ते कडवं ऐकताना मला आनंद झाला होता, हे मला नीट आठवतं. आनंद झाला आणि मी म्हणाले, "भारी आहे. पण हे रॅप नाही."

"कावून?"

"यात दुःख कुठंय?"

"दुःख पायजेच का?"

"अगं, रॅप म्हणजे खरं बोलायचं असतं."

ती माझ्याकडं बघत राहिली. "मंग मी काय खोटं बोलून राहिली?"

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला समजावून सांगू लागले. की तुमच्या गल्लीत पाच-पाच दिवस नळाला पाणी येत नाही, ते लिही. खाला हंडा घेऊन रांगेत उभी राहते, ते लिही. लोकांना ते भिडतं. म्हणजे तीन कूलरच्या घरातली मी, एसटीच्या मागच्या सीटवर बसून, तिला तिची गरिबी शिकवत होते. ती शेवटी हसली आणि म्हणाली, "नळाचं काय लिहायचं व? पाचव्या दिवशी येते, मालूम आहे, आमी भरून ठेवतो. तहानेनं कोनी मेलं नाई आमच्याइथं." आणि खिडकीबाहेर बघू लागली. पळसाची झाडं मागे पळत होती. मी तिचं वाक्य ऐकलं, त्यातलं 'पाचव्या दिवशी' एवढंच उचललं आणि बाकीचं तिथंच टाकून दिलं.

माझं गाणं त्याच आठवड्यात झालं. त्याचं नाव 'तहान'.

"नळाले नाई थेंब अन् डोयाले नाई पानी,
तहान पेऊन वाढली मी, हे गल्लीची कहानी."

मी आधी 'डोळ्याले' म्हणायचे. ते 'डोयाले' असं नाझियानंच दुरुस्त करून दिलं. तिला माहीत होतं मी काय करतेय, तरी दिलं. मैत्रीण अडली आहे, सांगावं, एवढंच तिच्या मनात असावं.

कॉलेजच्या गॅदरिंगला मी ते गाणं म्हटलं. त्यासाठी नवा टी-शर्ट विकत आणला आणि होस्टेलच्या धुण्याच्या दगडावर घासून घासून विटका केला. निवेदकानं माइक पुढं करून विचारलं, "चटका, कुठची तू?" मी मंडपातल्या त्या सगळ्या डोक्यांकडं पाहिलं आणि म्हणाले, "अकोल्याची. लाइनीपलीकडच्या गल्लीतली. पाच दिवसाआड नळ येते आमच्या घरी." टाळ्या पडल्या. गाणं सुरू होण्याआधीच पडल्या. गाण्याला पडल्या त्याहून जास्तच त्या वाक्याला पडल्या असतील. तिसऱ्या रांगेत नाझिया बसली होती. तीही टाळ्या वाजवत होती.

खोलीवर आल्यावर मी तिची नजर टाळत होते. तिनं केस विंचरता विंचरता एवढंच म्हटलं, "पाच दिवसाआड नाई व, पाचव्या दिवशी. सांगायचं तं बरोबर सांगत जा."

त्या गाण्याचा कुणीतरी काढलेला व्हिडिओ पसरत गेला. आणि एप्रिलमध्ये पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या एका कंपनीची जाहिरात करणाऱ्यांचा फोन आला. त्यांना चटका हवी होती. पुण्याहून एक माणूस आला, सगळे त्याला सर म्हणत, मीही म्हणू लागले. तो कॅन्टीनमध्ये चहा पीत म्हणाला, "आम्हाला सेट नकोय. तुझं खरं घर हवंय. तुझी खरी गल्ली. लोकांना आता खोटं लगेच कळतं."

तेव्हा खरं सांगता आलं असतं. कॅन्टीनमध्ये फार कुणी नव्हतं, तो माणूसही वाईट नव्हता. कदाचित हसला असता, चहा संपवून निघून गेला असता. मी म्हणाले, "चालेल सर, घरी विचारून सांगते."

आणि मी नाझियाला विचारलं. तुझं घर एका दिवसासाठी माझं म्हणून दाखवू का, असं. तिनं हातातली वही मिटून ठेवली. मग म्हणाली, "अम्मीले विचारते." खालाला त्यात विचारण्यासारखं काही वाटलंच नाही. "आने दे ना," ती म्हणाली म्हणे, "मेहमान आ रहे तो भिंती तेवढ्या पोतून घेऊ."

माझ्या आईला मी सांगितलं होतं की पाणी वाचवा अशी काहीतरी जाहिरात आहे.

मे महिन्याचा दुसरा आठवडा. सकाळी आठलाच ऊन कपाळावर बोट रोवल्यासारखं टोचत होतं. मी शूटिंगवाल्यांबरोबर पोचले तेव्हा गल्ली झाडून, पाणी शिंपडून तयार होती. पाचव्या दिवशीच्या पाण्यातलं ते पाणी. घराच्या भिंतींना कोरा चुना लागला होता. खालानं मोतिया रंगाचा इस्त्रीचा दुपट्टा घेतला होता आणि एका घंगाळात गुलाबाचं सरबत करून ठेवलं होतं, वीसेक माणसांना पुरेल एवढं. दारापुढं दुरुस्तीला आलेले नऊ-दहा कूलर रांगेत उभे होते. रशीदभाई पांढरी टोपी घालून, हात पुसत पुढं आले.

सरांनी सगळीकडं नजर फिरवली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हे फारच नीटनेटकं आहे. तुझ्या गाण्यात असं नाहीये."

त्यानंतर जे झालं ते मी ओळीनं आठवू शकते, आठवावं लागतं. चहाचं पाणी करून त्या कोऱ्या चुन्यावर शिंपडलं गेलं. भिंतीवर तपकिरी ओघळ आले तेव्हा सर म्हणाले, आता बरं. कूलर मागच्या बोळात नेऊन त्यांच्यावर ताडपत्री टाकली, कारण तहानेच्या गल्लीत एवढे कूलर दिसले तर गोंधळ होतो. वर्कशॉपचं शटर खाली ओढलं. ऐन सीझनचा दिवस. गिऱ्हाइकं येत होती, मोटर हातात घेऊन, आणि रशीदभाई त्यांना हात जोडून सांगत होते, "आज पोरीचं शूटिंग हाय, उद्या या." पोरीचं म्हणाले ते. नाझियाचं नाही, माझं.

मग सरांनी मला खालाकडं पाठवलं. तिचा दुपट्टा बदलायला सांग म्हणाले.

"काहून बेटा?" खालानं विचारलं. तिनं पदर हातात धरून पाहिला. "ये खराब है क्या?"

"नाही खाला," मी म्हणाले. "चांगला आहे, म्हणूनच."

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती समजून घ्यायचा प्रयत्न करत होती, शिकलेल्या पोरीचं काहीतरी असेल म्हणून. मग आत गेली आणि एक विरलेला, कोपऱ्याला टाके घातलेला दुपट्टा घेऊन बाहेर आली. फरशी पुसायला काढून ठेवलेल्या कपड्यांतला होता, ते मला माहीत होतं. मी त्या घरात जेवलेली होते.

दुपारी माइक तपासायचा होता. आवाजाचं काम बघणारा म्हणाला, कुणीतरी काहीतरी बोला. मी तोंडाला रंग लावून घेत होते. नाझिया जवळ उभी होती, तिनं माइक घेतला आणि म्हटलं ते कडवं. सारं गाव म्हनते आग. पहिल्या ओळीला तो माणूस कानावरचा हेडफोन सारखा करू लागला. दुसऱ्या ओळीला लाइट धरणारी पोरं मान हलवू लागली. गल्लीतल्या बायका खिदळायला लागल्या. ओसरीवर बसलेले रशीदभाई टोपी काढून डोकं खाजवत, लाजत हसत होते. आपल्यावर गाणं आहे हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. अख्ख्या दिवसात त्या गल्लीत खरं असं काही घडलं असेल तर ती दोन मिनिटं.

सर माझ्याकडं आले. "ही कोण? हिच्या चार ओळी घ्यायच्या का मध्ये? तू सांग, गाणं तुझं आहे."

नाझिया अजून माइक धरून उभी होती. तिच्यापर्यंत ऐकू जात होतं. तिच्या चेहऱ्यावर एक आशा होती, आणि ती लपवायची खटपटही होती.

मी म्हणाले, "नको सर. ते खरं नाही वाटणार."

एवढंच. इतक्या साध्या आवाजात मी ते म्हटलं की मलाही ते पटलं. नाझियानं माइक स्टँडला परत लावला, वायर पायात येणार नाही अशी बाजूला केली आणि आत निघून गेली.

उरलेलं शूटिंग टाक्यांचं होतं. चार-पाच घरांच्या छतांवर कोऱ्या निळ्या टाक्या चढवल्या. मी त्यांच्या खाली उभी राहून माझं गाणं म्हणायचं आणि शेवटी चेहऱ्यावर पाण्याचा सपका मारून हसायचं. गल्लीला वाटलं टाक्या आपल्याच. कुणी तसं सांगितलं नव्हतं, पण कुणी नाही असंही सांगितलं नव्हतं. खालानं आपला जुना गळका ड्रम समोरच्या म्हाताऱ्या बाईला देऊनही टाकला. ऊन उतरल्यावर माणसं छतावर चढली आणि टाक्या खाली उतरवून ट्रकमध्ये भरू लागली. मी गाडीत बसले होते, काचा वर, एसी चालू. खाला दारात आली. तिनं ट्रककडं पाहिलं, मग गाडीकडं पाहिलं. आमची नजरानजर झाली. मला वाटलं, आता ती येईल, काचेवर टकटक करील. ती आली नाही. टाकी उतरवणाऱ्या माणसाला ती फक्त म्हणाली, "संभालके भाऊ, वरून ताराले लागन."

जाहिरात चालली. टीव्हीवरही आली काही दिवस. लोक मला गल्लीचा आवाज म्हणू लागले. आणि मग कुणीतरी त्या जाहिरातीच्या व्हिडिओखाली लिहिलं की ही गल्लीची कसली, ही जठारपेठेतल्या दाताच्या डॉक्टरची मुलगी, हिच्या घरी बोअर आहे. त्यावर लोक आठवडाभर हसले. बाबांना पेशंट विचारायचे, "डॉक्टरसाहेब, पाण्याची लय तंगी हाय म्हनते तुमच्याकडं?" बाबांनी मला रागावून विचारलं नाही. एकदा हात धुता धुता म्हणाले, "मी त्यांना काय सांगू, ते तूच सांग." मी जेवायला बसून मुद्दाम 'मले' म्हणाले तेव्हाही आईनं दुरुस्त केलं नाही.

चटका तिथंच संपली. दुसरं गाणं कुणी ऐकलं नाही. काही महिने मला वाटत राहिलं की लाज म्हणजे हेच, पकडलं जाणं. दार लावून मी रडले ती त्यासाठी. दुसरी लाज नंतर आली, सावकाश, आणि ती गेली नाही.

पुढच्या वर्षी नाझियानं होस्टेलची खोली बदलली. भांडण झालं नाही. ती पेटी भरत होती, मी पलंगावर बसून बघत होते. मी म्हणाले, "मी खोटं बोलले त्याचा राग आहे ना तुला?"

"त्याचा नाई," ती म्हणाली. "खोटं तं सगळेच बोलतात. घर मागतलं, दिलं. तू माह्या गान्याले खोटं म्हनली, त्याचा आहे." आणि थोड्या वेळानं, कपड्यांची घडी दाबत, "अब्बा तिथंच बसले होते."

मी पुष्कळ विचार केला आहे या सगळ्याचा, एसटीत, वर्गावर, उन्हात तोंडाला ओढणी गुंडाळून गाडी चालवताना. मला वाटायचं मी गरिबांच्या बाजूनं गायले. पण मला हवी होती ती त्यांच्या दुःखाची किंमत, दुःख नव्हे. बाजारात त्या वर्षी दुःखाला भाव होता आणि माझ्याकडं ते पिकत नव्हतं, तेव्हा मी शेजारच्या शेतातलं आणलं. ते तरी समजण्यासारखं आहे. न समजण्यासारखं हे की त्या शेतात दुःखाबरोबर हसूही उगवलं होतं, भरघोस, आणि ते मी तण म्हणून उपटून फेकलं. ज्याला रोज सोसावं लागतं त्याला सोसण्याचं गाणं करण्याची हौस नसते. त्याला बापाच्या हाताचं कौतुक गायचं असतं. आणि ज्याच्याकडं सगळं आहे त्याला गरीब माणूस हसताना दिसला की वाटतं, हा खरा गरीब नाही. मी जठारपेठेच्या बोअरवर गाणं करायला हवं होतं. तीन कूलरवर, आईच्या 'मला'वर. ते माझं होतं. त्याची मला लाज वाटत होती, आणि ज्याची वाटायला हवी त्याची वाटत नव्हती.

तर या रविवारी मोटर पिशवीत घेऊन मी गेले. दुकान तिथंच होतं. खाला बहिणीकडं बाळापूरला गेली होती. ऐकून मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचीही लाज वाटली. रशीदभाई खूप म्हातारे झालेत. खुर्चीवर बसून असतात, नजर अधू झालीय. कामाच्या बाकावर नाझिया बसली होती. ती आता एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते, सुटीच्या दिवशी अब्बांचं काम बघते. तिनं मला पाहिलं, पिशवीकडं पाहिलं.

"आन इकडं," म्हणाली. मोटर उघडली, वास घेतला. "जळालं. तासभर लागन. बस."

मी बसले. ती जुनी तार कापून काढू लागली. मी खूप वेळ शब्द जुळवले आणि शेवटी एकही जुळवलेला वापरला नाही. म्हणाले, "नाझिया, तुझं गाणं खरं होतं. मला तेव्हाच माहीत होतं."

तिचे हात थांबले नाहीत. "मले बी मालूम होतं तुले मालूम आहे म्हनून."

"अजून लिहितेस?"

"नाई व." तिनं तारेचं टोक दातात धरलं, काढलं. "सुचते कधी. लिहावंसं नाई वाटत. आपन काई म्हनलं आन् कोनी म्हनलं हे खरं नाई वाटत, तं?"

ती हे चिडून म्हणाली नाही. हवेबद्दल बोलावं तसं म्हणाली. मी 'माफ कर' म्हणाले. ती म्हणाली, "चहा घेशीन का?"

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, बायको आणि शाळकरी मुलीला घेऊन. रशीदभाई डोळे बारीक करून माझ्याकडं बघत होते. मग एकदम उजळले. "अरे, ये तं आपली केतकी!" ते उठून उभे राहिले, काठी शोधत. "वळखलं का?" ते त्या माणसाला सांगू लागले. "टीव्हीवर आलती हे पोरगी. टाकीची जाहिरात, आठवते का? याच गल्लीत झालती शूटिंग. माह्या दारात!" नाझिया खाली मान घालून हळूच मला म्हणाली, "सात वर्षं झाली, येईन त्याले सांगतात. आज काई बोलू नको त्याईले."

त्या मुलीनं लगेच मोबाइलमध्ये ती जाहिरात शोधून काढली. भिंतीवरचे ओघळ, निळी टाकी, पाण्यानं निथळणारं माझं तोंड. तिनं एकदा स्क्रीनकडं, एकदा दाराकडं पाहिलं. "ताई, हे घर तुमचंच होतं ना?"

मी तोंड उघडलं होतं. उत्तर माझ्या ओठांवर होतं, शपथेवर सांगते.

"तिचंच हाय," रशीदभाई म्हणाले. आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मुलीला फोटो हवा होता. रशीदभाईंनी टोपी सारखी केली, मला जवळ ओढलं. मोबाइल नाझियाच्या हातात दिला गेला. तिनं फडक्याला हात पुसले, एक डोळा बारीक केला.

"जराशी उजेडाकडं सरक, केतकी," ती म्हणाली. "आन् हास."

मी सरकले. हसले.